शांतम्माची डॉक्टरीण

हत्तरगेवाडीत माणसाला एक पायरी वर चढवून हाक मारायची पद्धत आहे. कंपाउंडर असला तर तो डॉक्टर, कारकून असला तर साहेब, आणि हवालदार वेशीतून आत आला की आपोआप फौजदार होतो. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. दारात आलेल्या माणसाला तो आहे त्याच पायरीवर उभा ठेवणं, हेच उलट कोतेपणाचं. शांतम्मा बिराजदारांच्या जिभेवर तर ही पद्धत अशी मुरलेली, की फाट्यावर एसटीला हात करून त्या ड्रायव्हरला ‘साहेब’ म्हणत आणि थांबा नसताना एसटी थांबे.

त्यांचं माहेर आळंद तालुक्यातलं, कर्नाटकातलं. लग्न होऊन मुरूमजवळच्या या गावात आल्या तेव्हा मराठीचे दोनच शब्द येत होते, ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. त्यातला दुसरा सासूसमोर कामाचा नव्हता. पुढं मराठी आली, आणि अशी आली की थांबायचं नाव घेईना. नवऱ्याचं, वीरप्पांचं, घरालाच लागून किराणा दुकान. वीरप्पा बोलायला कंजूष. गिऱ्हाईक गुळाला येई आणि शांतम्मांकडून अर्ध्या गावाची खबरबात घेऊन जाई. त्यांच्या हातच्या कडक भाकरी, पापडासारख्या पातळ आणि तशाच वाजणाऱ्या, पाहुण्यांच्या पिशव्यांतून सोलापूरपर्यंत जात.

लेक एकच. भुवनेश्वरी, घरातली भुवना. तिला अक्कलकोटकडं दिली होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं. पण सासरच्यांनी ‘दवाखाना जवळ हाय’ म्हणून ठेवून घेतलं. एका सकाळी फोन आला, ‘भुवनाची तब्येत जरा सिरियस हाय, या.’

गेलेल्या माणसाला आपल्याकडं असंच ‘सिरियस’ म्हणतात. वाटेत ऐकणाऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून. ऐकणाराही बहुतेक वेळा ओळखतो. शांतम्मांनी ओळखलं नाही. जरा सिरियस म्हणतात, म्हणजे दवाखान्यात चार दिवस राहावं लागणार, असं धरून त्यांनी डिंकाचे लाडू बांधले, जुन्या लुगड्याची दुपटी काढली, माल आणायला गेलेले वीरप्पा परत येईपर्यंत थांबल्या. त्या पोचल्या तेव्हा माती होऊन माणसं अंघोळीला गेली होती. बाळही गेलं होतं. लाडवांचा डबा पिशवीतच राहिला.

त्यानंतर शांतम्मांनी दाराकडं पाठ केली. हे नुसतं म्हणायला नाही. सोप्यात त्या भिंतीकडं तोंड करून बसत, आणि कोण आलं-गेलं याच्याशी त्यांचा संबंध उरला नाही. वीरप्पांनी लेकीचा फोटो कपाटात ठेवला. घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे पाळत होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शांतम्मांनी त्या थोडे दिवस घेतल्या आणि बाजूला सारल्या. ‘गोळीनं झोप येती. लेक येत न्हाय,’ एवढंच म्हणाल्या.

गावची आशा सेविका गजराबाई एका गुरुवारी निमाला घेऊन आली ती अशा घरात.

निमा टांझानियाची. समाजकार्याचं शिक्षण तिनं पुण्यात घेतलं होतं आणि आता धाराशिवच्या एका संस्थेत ती प्रशिक्षणाला होती. मनाच्या दुखण्यातल्या माणसांसाठी ही संस्था गावोगाव काम करी. औषध देणारे डॉक्टर वेगळे. निमाचं काम औषधाच्या अलीकडचं आणि पलीकडचं: माणसाजवळ बसायचं, त्याला बोलतं करायचं, घरच्यांना समजावायचं, दवाखान्याची वाट सोडलेल्याला पुन्हा वाटेवर आणायचं. कृष्णराज सर म्हणून तिचे वरिष्ठ होते. त्यांच्या देखरेखीखाली तिनं हे काम ठराविक काळ केलं, की तिच्या देशात तिला याच कामाची मान्यता मिळणार होती. मध्येच सुटलं तर केलेलंही धरलं जाणार नव्हतं.

गल्लीतली पोरं तिच्या मागंमागं दारापर्यंत आली होती. म्हातारी मथुराबाई तर उंबऱ्यात येऊन तिचे केस निरखून गेली. निमानं चप्पल काढली, आत आली आणि शांतम्मांच्या समोर नाही, तर शेजारी, भिंतीकडंच तोंड करून बसली. बराच वेळ दोघी भिंत बघत होत्या.

मग ती मोडक्या मराठीत म्हणाली, “तुमची मुलगी, तिचं नाव काय?”

दुकानात वीरप्पा खोकले. गजराबाईनं तिचा दंड धरला. असं विचारतात का कुणी!

“भुवनेश्वरी,” शांतम्मा म्हणाल्या.

“भू-वे... कठीण आहे.”

“भुवना म्हन.”

“भुवनाला काय आवडायचं खायला?”

शांतम्मांनी मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. “तुला कशाला पायजे? करून घालनार हाईस?” आणि मग इतक्या महिन्यांत जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते आलं.

त्या दिवसापासून गुरुवार हा निमाचा. ती भुवनाबद्दल विचारी आणि शांतम्मा सांगत. पण सांगताना निमाची मराठीही दुरुस्त करावी लागे. ‘भुवना पडला न्हाय गं, पडली. पोरगी हाय ती.’ लेक पुन्हा घरात बोलण्यापुरती तरी चालू-फिरू लागली. फोटो कपाटातून बाहेर आला. चूल पेटली. निमानं हट्टानं एक भाकरी थापून बघितली. ती तव्यावर पडल्यावर वीरप्पा दुकानातून डोकावून म्हणाले, “ही तर आफ्रिकाच झाली की. नकाशावर असलीच दिसती.” वीरप्पांनी विनोद केला ही गोष्ट गावात दोन दिवस चालली.

गोळ्यांचा मात्र निमा पिच्छा सोडीना. आल्या आल्या पाकीट बघायला मागे.

“बोलणं माझं, गोळी डॉक्टरांची. दोन्ही पाहिजे, मावशी.”

“तू असल्यावर गोळी कशाला?”

“मी डॉक्टर नाही.”

“बरं बाई, न्हाईस,” असं म्हणून शांतम्मा गोळी गिळत, आणि लगेच वीरप्पांना हाक मारत, “अहो, डॉक्टरीणबाईला च्या टाका!”

पुढं एकदा निमानं सांगितलं, की तिचा शिक्षणाचा व्हिसा संपत आला आहे. पुढच्या प्रशिक्षणासाठी दुसरा लागेल. संस्थेनं जबाबदारी घेतली आहे, अर्ज गेला आहे; झालं तर अजून वर्षभर गुरुवार आहेत. नाही झालं तर नाही.

शांतम्मांनी पुतण्याला, नंदीशला, धरलं. नंदीश मुरूमला मोबाईलच्या दुकानात कामाला होता, म्हणजे घरातला कळता माणूस.

“व्हिसा म्हंजे काय रं?”

“परदेशी मानसाला हितं राहायची परवानगी, काकू. कुनीतरी जामीन राहिल्यागत राहावं लागतंय. हिला ती संस्था राहिली.”

“मग गाव राहील की जामीन. समदं गाव राहील!”

“गाव चालत न्हाय त्याला.”

“का? सरकारला गाव दिसत न्हाय का?”

नंदीश हसला. पण शांतम्मांच्या डोक्यात ते बसलं. सरकारला गाव दिसत नाही, म्हणजे दाखवायला पाहिजे. साहेब लोकांच्या गाड्या फाट्यावरून जातात, आत कुणी येत नाही. फाट्यावर जे दिसेल तेच त्यांना दिसणार. आणि फाट्यावर काय असतं? फ्लेक्स. सरपंचाचा वाढदिवस, त्याच्या मेव्हण्याची निवड, कुणाच्या बैलजोडीचा पहिला नंबर. मग निमाचा वाढदिवस जवळ आलाय तर तिचा का नको?

नंदीशनं मुरूमला जाऊन फ्लेक्स करून आणला. मजकूर शांतम्मांचा: ‘आमच्या गावच्या लाडक्या डॉक्टर निमाताई यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: सौ. शांतम्मा वीरप्पा बिराजदार व समस्त ग्रामस्थ.’ फ्लेक्सवाल्यानं आपल्याकडून भर घातली. डॉक्टरांच्या फ्लेक्सला त्याच्याकडं एक तयार नमुना असे, त्यात निमाचा चेहरा बसवला. पांढरा कोट आला, गळ्यात तपासायची नळी आली. मागं एक हेलिकॉप्टरही होतं, ते कशाला हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. फ्लेक्स वर चढला तेव्हा शांतम्मा भुवना गेल्यापासून पहिल्यांदा फाट्यापर्यंत चालत गेल्या होत्या. पदर सावरून त्यांनी खालून बघितलं आणि म्हणाल्या, “शोभतीया गं बाई माझी.”

गुरुवारी निमा एसटीतून उतरली आणि फ्लेक्सखाली तशीच उभी राहिली. मग धावत घरी आली.

“मावशी, तो काढा. आत्ताच.”

“अगं, लाजतीस काय!”

“मी लाजत नाही. मला भीती वाटते.”

नंदीशनं त्याच दुपारी फ्लेक्स उतरवला. पण तोवर रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी त्याचा फोटो काढला होता. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला, आणि कुठल्याशा ग्रुपवर त्याला मथळा चिकटला: ‘ग्रामीण भागात परदेशी बोगस डॉक्टरचा सुळसुळाट.’ कुणीतरी तक्रार केली. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. धाराशिवला पोलिसांच्या कार्यालयात, परदेशी माणसांची नोंद असते तिथं, निमाचा अर्ज होता, त्याच्या शेजारी ती तक्रार जाऊन बसली.

कृष्णराज सरांना चौकशीला बोलावणं आलं तसं शांतम्मांनी ठरवलं, मी येणार. सर नको म्हणाले. वीरप्पा नको म्हणाले. “आग माझ्या हातानं लागलीया, इझवाया म्याच जानार,” असं म्हणून त्या इरकल नेसून, विभूती लावून एसटीत बसल्या.

तिथले अधिकारी रागीट नव्हते. वयानं पोक्त, शांत माणूस. त्यांनी शांतम्मांना खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“मावशी, ही मुलगी तुमच्याकडं येऊन काय करायची?”

काय सांगावं? येऊन बसायची, असं सांगितलं तर? भिंतीकडं तोंड करून बसायची? भाकरी थापायची? शांतम्मांना वाटलं, हे तर काहीच केलं नाही असं होईल. ज्या पोरीनं आपल्याला मसणातनं उठवल्यागत उठवलं, तिनं काही केलं नाही असं साहेबासमोर सांगायचं? जीभ झडेल.

“बरं केलं साहेब मला तिनं,” त्या म्हणाल्या.

“औषध द्यायची का काही?”

“तिच्या हातालाच गुन हाय. सोलापूरच्या डॉक्टरच्या गोळ्या खाऊन म्या नुसती पडून राहायची. त्या म्या फेकून दिल्या. हिनंच बरी केली. मोठमोठे डॉक्टर हिच्यापुढं पानी भरतील, फौजदारसाहेब!”

कृष्णराज सरांनी डोळे मिटले. निमा कोपऱ्यात बसली होती; तिला आता सगळी मराठी कळत होती. अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे हिच्या सांगण्यावरनं गोळ्या बंद केल्या?”

“तिच्या सांगन्यावरनं कशाला? तिच्या पायगुनानं!”

ते लिहून घेतलं गेलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सरांनी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. निमाला या देशात शिकायची परवानगी मागायची होती, उपचार करायची नव्हे. आणि तिनं उपचार केले, वर डॉक्टरांच्या गोळ्या सोडवल्या, हे तिच्याच रुग्णबाईनं साहेबासमोर सांगितलं होतं. शांतम्मांनी त्यांना मध्येच तोडलं.

“पन गोळ्या तर म्या आदीच सोडल्या हुत्या. ही येयाच्या आदी. हिनंच तर परत सुरू केल्या! माझ्या मागं लागून लागून!”

“हेच आत सांगायला हवं होतं, मावशी.”

त्या तडक उठून आत गेल्या. दारातूनच बोलायला लागल्या: साहेब, म्या चुकीचं बोलले, ही डॉक्टर न्हाय, हिनं औषध दिलं न्हाय, गोळ्या घ्या म्हनून हीच सांगायची. अक्षर न् अक्षर खरं होतं. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर उभ्या सरांकडं पाहिलं आणि फार सौम्यपणे म्हणाले, “मावशी, मघाशी तुम्ही तुमचं बोललात. आता शिकवलेलं बोलताय.”

त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं.

पुढचं लवकर झालं. संस्थेच्या मंडळींची बैठक बसली. एका परदेशी मुलीपायी बाकीच्या गावांतलं काम अडकायला नको, असं ठरलं, आणि संस्थेनं निमाच्या जबाबदारीतून अंग काढून घेतलं. कृष्णराज सर एकटेच विरोधात होते. जामीनच उठला, मग अर्ज कशावर उभा राहणार! निमाचं तिकीट निघालं.

शेवटच्या भेटीला ती गुरुवारी नाही, सोमवारी आली. गजराबाई दारातच थांबली. निमा म्हणाली, “आम्हाला शिकवतात, निरोप हळूहळू घ्यायचा. आधीपासून सांगायचं, मग पुन्हा सांगायचं, समोरच्याला सवय होऊ द्यायची. मला वेळ नाही मिळाला. माफ करा.”

“तू माफी मागतीस?” शांतम्मा म्हणाल्या. बराच वेळ त्या परातीतलं पीठ नुसतंच चाळवत राहिल्या. आदल्या दिवशी वीरप्पा म्हणाले होते, सरकारचा नियमच तसा असतो, तुझा काय दोष. नंदीश म्हणाला होता, दोष फ्लेक्सवाल्याचा. गजराबाई म्हणाली होती, ती तशीही जाणारच होती. सगळे मायेनं बोलले होते आणि शांतम्मांचा एकावरही विश्वास बसला नव्हता.

“निमा, खरं सांग. माझ्यामुळं चाललीस ना तू?”

गजराबाईनं दारातून मान हलवून खूण केली, नाही म्हण. निमानं ती पाहिली. ती शांतम्मांच्या शेजारी सरकली.

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यामुळं. पण तुम्ही मला ठेवायला बघत होता.”

शांतम्मांनी पीठ झाकलं. रडल्या नाहीत. निमाचं प्रशिक्षण अर्धं राहिलं, ते कुठंच धरलं जाणार नाही, आता पुन्हा कुठल्या देशातली कुठली संस्था तिची जबाबदारी घेईल तेव्हा पहिल्यापासून. हे सगळं त्यांनी एकेक करून विचारून घेतलं, आणि निमानं एकेक करून सांगितलं. कमी करून काही सांगितलं नाही.

“आईला काय सांगशील तुझ्या?”

“हेच सांगीन.”

“ती मला शिव्या घालंल.”

“ती विचारेल, तुम्ही गोळी घेता का.”

तेव्हा मात्र शांतम्मांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या दाट केसांवरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं मोडली. फाट्यापर्यंत सोडायला त्या गेल्या नाहीत. चालवलं नाही.

नंतर काही महिने निमाचे फोन येत. ती भावाच्या दुकानात बसते म्हणाली. एका दवाखान्याकडं अर्ज केला होता, तिथून उत्तर नव्हतं. मराठी बोलायला तिथं कुणी नाही, त्यामुळं तिचे शब्द गळत चालले होते. आधी अवघड शब्द गेले, मग साधे. शांतम्मा दुरुस्त करीत, पण फोनवर ते पहिल्यासारखं होईना. मध्येच आवाज तुटे. फोन कमी झाले. भांडण नाही, राग नाही, नुसते कमी झाले. शांतम्मा गोळी घेतात, स्वयंपाक करतात, दुकानातही बसतात. गिऱ्हाईकाशी पूर्वीइतकं बोलत नाहीत. बोलताना मध्येच थांबतात, जणू तोंडातला शब्द परत एकदा पारखून घेताहेत. एसटी ड्रायव्हरला त्या आता ‘ड्रायव्हर भाऊ’ म्हणतात.

परवा दगडोबाची सून दुकानात आली. तिचा नवरा दिवाळीच्या आधी गेला, तेव्हापासून ती फारशी बाहेर पडत नव्हती. साखर घेऊन झाली तरी ती पायरीवर घुटमळत राहिली.

“शांतूअक्का, ती काळी डॉक्टरीण येत होती बघा तुमच्याकडं. ती परत कधी येनार हाय?”

शांतम्मांनी तराजूचं पारडं पुसून खाली ठेवलं.

“ती डॉक्टर नव्हती गं.”

“आँ? मंग कोन हुती?”

“शिकाया आली हुती. आमच्याजवळ बसून शिकायची.”

“असं?” सून म्हणाली. तिच्या तोंडावरची आशा उतरली. डॉक्टर नव्हती, नुसती बसायला येत होती, तर मग तिच्याबद्दल विचारण्यात तरी काय अर्थ होता! तिनं पिशवी उचलली, डोक्यावरचा पदर ओढला आणि ती निघून गेली. ‘ये, बस जरा माझ्याजवळ’ म्हणायला शांतम्मा तिला हाक मारणार होत्या. कोणत्या नावानं थांबवावं ते सुचेपर्यंत ती गल्लीच्या वळणावर गेली होती.